इटली, चाकणमार्गे

मुळशी तालुक्यातल्या माणमध्ये राहून इटली समजून घ्यायची असेल, तर विमानाच्या तिकिटाची घाई नको. आधी आपल्याच पट्ट्यात एक फेरी मारावी. चाकण एमआयडीसीत ब्रेंबोचा ब्रेकचा कारखाना आहे. रांजणगावात कारारोचे अ‍ॅक्सल आणि गिअर बनतात, आणि तिथंच फियाटनं टाटांच्या भागीदारीत मोटारी काढल्या. बारामतीत पियाजिओच्या आपे रिक्षा आणि व्हेस्पा तयार होतात, शिवाय फेरेरोची किंडर जॉय आणि टिक टॅक. तुम्ही हिंजवडीच्या फेज थ्रीमधल्या काचेच्या इमारतीत बसून एखाद्या इटालियन ग्राहकाचं सॉफ्टवेअर सांभाळत असाल किंवा चाकणला क्वालिटीत असाल, तर इटालियन माणूस तुम्हाला नवा नाही. कॉलवर त्याचा आवाज रोज ऐकू येतो. त्याचं घर, त्याचा रविवार, त्याचा सण मात्र ओळखीचा नसतो.

ही ओळख करून घ्यायला बसलं की बहुतेक जण रोमचं कोलोसियम, व्हेनिसच्या होड्या आणि लिओनार्दोची चित्रं इथून सुरुवात करतात आणि मॉलमधल्या पिझ्झ्यावर थांबतात. यात चूक काही नाही, पण रोजच्या जगण्यापर्यंत ही वाट पोचत नाही. इटली एक देश झाली १८६१ मध्ये, आणि रोम तिला मिळालं ते १८७० मध्ये. त्याआधी शेकडो वर्षं वेगवेगळी राज्यं, वेगवेगळ्या बोली, वेगवेगळी ताटं. त्यामुळे उत्तरेकडच्या बेर्गामोच्या इंजिनिअरला दक्षिणेतल्या नेपल्सच्या पिझ्झ्याबद्दल विचारणं म्हणजे नागपूरच्या माणसाला सोलकढीची कृती विचारणं. तो सांगेलही, पण ती त्याची नव्हे.

म्हणून माझा सल्ला एवढाच: देश सोडा, कंपनीचं गाव शोधा. तुमच्या शॉपफ्लोअरवरची मशीन, तुमचा ग्राहक, तुमच्या गाडीचा ब्रेक कुठल्या गावातून आला ते बघा आणि त्या एका गावाच्या मागे लागा.

ब्रेंबोचंच घ्या. बजाज चाकणमध्ये ज्या केटीएम ड्यूक बनवतं, त्यांच्या ब्रेकवर ‘बायब्रे’ असं नाव असतं; तो ब्रेंबोचाच लहान गाड्यांसाठीचा ब्रँड. कंपनी १९६१ मध्ये सुरू झाली ती बेर्गामोजवळ. नकाशात मिलानपासून ईशान्येला, आल्प्सच्या पायथ्याशी हे शहर सापडेल. जुनं शहर टेकडीवर, व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी सोळाव्या शतकात बांधायला घेतलेल्या तटबंदीच्या आत; नवं शहर खाली सपाटीवर; आणि दोन्हींच्या मध्ये १८८७ पासून धावणारी, दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे. इथलं जुनं रोजचं अन्न म्हणजे पोलेंता, मक्याचं जाडसर पीठ पाण्यात पाऊणएक तास घोटून केलेलं. ते पाटावर ओततात, निवून घट्ट झालं की दोऱ्यानं कापतात आणि चीजबरोबर किंवा रश्श्याबरोबर खातात. फुटबॉलचा संघ आतालांता. या संघानं २०२४ मध्ये युरोपा लीग जिंकली, आणि बेर्गामोच्या माणसाशी बोलायला याहून सोपा विषय नाही.

आर्लेक्किनोही इथलाच मानतात. रंगीबेरंगी ठिगळांच्या कपड्यातला, कायम भुकेला, मालकाला गंडवणारा नोकर. ‘कोमेदिया देल्लार्ते’ या सोळाव्या शतकापासूनच्या लोकनाट्यात पात्रं ठरलेली असत: कंजूष व्यापारी, बढाईखोर कॅप्टन, पोपटपंची करणारा पंडित, चलाख नोकर. गोष्टीचा सांगाडा पक्का, संवाद मात्र रंगमंचावर ऐनवेळी रचायचे. ज्यांनी वगातला सोंगाड्या पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावायला नको. हे नाट्य पुढं युरोपभर गेलं आणि मोलिएरपासून मूकपटांपर्यंत पुष्कळांनी त्यातून घेतलं. इटालियन मित्राला तमाशा म्हणजे काय ते सांगायचं असेल, तर सुरुवात आर्लेक्किनोपासून करा.

बेर्गामोच्या मुलांना भेटवस्तू आणते ती सांता लुचिया, १२ आणि १३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, गाढवावरून. मुलं तिला आधी पत्रं लिहितात आणि शहरातल्या एका चर्चमध्ये नेऊन ठेवतात. रोमकडच्या पोरांना मात्र ६ जानेवारीची वाट बघावी लागते. तिथं झाडूवर बसून बेफाना नावाची म्हातारी येते आणि खोड्याळ मुलांच्या मोज्यात कोळसा टाकते (हल्ली हा कोळसा साखरेचा असतो). एकाच देशातल्या सणाचा हा फरक पर्यटनाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. गाव धरून शोधलं की लगेच सापडतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. २०२०च्या मार्चमध्ये करोनानं बेर्गामोत इतके बळी घेतले की शवपेट्या लष्कराच्या ट्रकांतून दुसऱ्या शहरांत न्याव्या लागल्या. तिथल्या माणसाशी बोलताना हा विषय आपण होऊन काढू नये.

दुसरं गाव पोंतेदेरा, तोस्कानातलं. हे आपल्या पट्ट्याच्या सर्वांत जवळचं, फक्त आपल्याला त्याचं नाव ठाऊक नसतं. पियाजिओचा तिथला कारखाना दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवत होता, म्हणून त्यावर बॉम्ब पडले. युद्ध संपल्यावर विमानं कुणाला नको होती. लोकांकडे पैसे नव्हते आणि रस्ते फुटलेले. मालकानं स्वस्त वाहन मागितलं आणि ते काम गेलं कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याकडे. त्याला मोटरसायकल आवडत नसे. तेलानं कपडे खराब होतात, पाय टाकून चढावं लागतं, पंक्चर झालं की हाल. त्यानं इंजिन मागच्या चाकाशी नेऊन झाकलं, पुढं पाय ठेवायला मोकळी जागा ठेवली आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे ते चटकन काढता यावं. १९४६ मध्ये व्हेस्पा आली, १९४८ मध्ये तिचं तीनचाकी भावंड आपे.

साठच्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर हीच व्हेस्पा आकुर्डीत बजाजनं बनवली. परवाना संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. मालकीण साडी नेसूनही चालवू शकेल, पुढं पोरगं उभं राहील, पायाशी भाजीची पिशवी मावेल, हे सगळं पोंतेदेराच्या त्या आराखड्यातच होतं. तुमच्या घरी जुन्या चेतकचा फोटो असेल, तर पुढच्या भेटीत साठीच्या इटालियन माणसाला तो दाखवा. स्कूटर तिरकी करून किक मारायची युक्ती त्यालाही माहीत असेल. अशा गप्पांतून जे कळतं, ते ‘इटालियन संस्कृती’ असा शोध घेऊन कळत नाही. पोंतेदेरात पियाजिओचं संग्रहालय आहे. फिरेंझे (फ्लॉरेन्स) ते पिसा या रेल्वेमार्गावरच ते गाव लागतं. पिसाचा कलता मनोरा बघायला जाणारे शेकडो मराठी लोक या स्टेशनावरून जातात आणि उतरत नाहीत.

बाकीची गावं थोडक्यात. फेरेरोचं आल्बा, पिएमोंतेच्या टेकड्यांतलं: हेझलनट आणि जमिनीखाली वाढणारी पांढरी ट्रफल, आणि १९६४ पासून न्युटेला. कारारोचं पादोव्हाजवळचं काम्पोदार्सेगो. पादोव्हात सेंट अँटनीची समाधी आणि गॅलिलिओ जिथं शिकवत असे ते विद्यापीठ. फियाटचं तोरिनो (ट्युरिन): चॉकलेट, व्हर्मूथ, आणि एका शहरात दोन फुटबॉल संघ. त्यातला युव्हेंतस हा फियाटच्याच आन्येल्ली घराण्याचा. तोरिनोच्या माणसाला तो कुठल्या संघाचा ते हळूच विचारा. गृहीत धरू नका.

गाव कळलं की कॅलेंडर हाताशी घ्या. हे काम ऑफिसमध्येही उपयोगी पडतं. इटलीच्या राष्ट्रीय सुट्ट्या अशा: १ आणि ६ जानेवारी, ईस्टरचा सोमवार, २५ एप्रिल (फॅसिझममधून मुक्ती), १ मे, २ जून (प्रजासत्ताक), १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८ डिसेंबर, २५ आणि २६ डिसेंबर, आणि २०२६ पासून सेंट फ्रान्सिसचा ४ ऑक्टोबर पुन्हा. त्याशिवाय प्रत्येक शहराचा आपला रक्षक संत, आणि त्याच्या दिवशी तेवढंच शहर बंद. पादोव्हाला १३ जून, तोरिनोला २४ जून, बेर्गामोला २६ ऑगस्ट, मिलानला ७ डिसेंबर. मिलानमधून उत्तर येत नाही म्हणून ७ डिसेंबरला स्मरणपत्रं पाठवत बसणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

ऑगस्ट हा स्वतंत्र विषय आहे. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो तेव्हा तिकडं फेर्रागोस्तो असतो. सम्राट ऑगस्टसच्या काळापासूनचा विश्रांतीचा सण, त्यावर नंतर मेरीच्या स्वर्गारोहणाचा दिवस येऊन बसला. एके काळी फियाट ऑगस्टमध्ये फाटक लावायची आणि अख्खं तोरिनो रिकामं व्हायचं. लोक दक्षिणेतल्या आपल्या गावी नाहीतर समुद्रावर. आजही त्या महिन्याच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत ड्रॉइंगला मंजुरी मिळेल ही आशा सोडा. तो माणूस उद्धट नाही, तो समुद्रावर आहे. आणि तो सप्टेंबरात परत येतो तोवर बऱ्याचदा आपल्याकडे गणपती येतात आणि आपली माणसं गायब होतात! दोन्ही बाजूंच्या सुट्ट्यांचा एकच तक्ता जूनमध्येच बनवून पाठवला, तर निम्मी कटकट वाचते.

रोजचं घड्याळही शिकण्यासारखं आहे. सकाळी बारमध्ये कॉफी. तिथं ‘बार’ म्हणजे कॉफीचं दुकान, घाबरू नका. काउंटरशी उभं राहून दोन घोटांत एस्प्रेसो संपवायची, साधारण सव्वा युरो ठेवायचे, निघायचं. टेबलावर बसलात तर तीच कॉफी महाग. कॅपुचिनो सकाळची, जेवणावर ती मागितली तर देतात, पण नजर बदलते. नुसतं ‘लात्ते’ म्हणालात तर पेलाभर दूध येईल. जेवण साडेबारा ते दोनच्या मध्ये. संध्याकाळी काम संपलं की आपेरितिव्हो, म्हणजे एक पेय, थोडं खारं, उभ्याउभ्या गप्पा. मग रस्त्यावरून उगाच चालणं, चांगले कपडे घालून, ओळखीच्यांना बघत आणि स्वतःला दाखवत. पुण्यात लक्ष्मी रोडवर पूर्वी असंच चालत. घरच्या कॉफीसाठी आल्फोन्सो बिआलेत्तीनं १९३३ मध्ये काढलेलं मोका हे अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घ्या, ऑनलाइन सहज मिळतं. चिकोरी नसलेली पावडर, पाणी झडपेच्या खालपर्यंत, पावडर दाबायची नाही, आच मंद. भांडं गुरगुरलं की लगेच उतरवायचं.

बोलण्याचं एक पथ्य. ‘चाओ’ हे अरे-तुरेतलं आहे. पहिल्या भेटीत ‘बोंजोर्नो’ किंवा ‘साल्वे’. अहो-जाहोचं रूप तिथंही आहे आणि वयानं मोठ्या माणसाला ते लागतं. पदवीचा मान मोठा. इंजिनिअरला ‘इंजेन्येरे’ म्हणतात, आणि कुठलाही पदवीधर ‘दोत्तोरे’ असतो. शुभ-अशुभाचा हिशोब उलटा: तेरा चालतो, सतरा नको. रेनॉनं आपली ‘१७’ ही मोटार इटलीत ‘१७७’ म्हणून विकली. पार्ट नंबर आणि पहिल्या लॉटची तारीख ठरवणाऱ्यांनी हसून का होईना, लक्षात ठेवावं. आपण गाडीला लिंबू-मिरची बांधतो, नेपल्सचा माणूस लाल मिरचीसारखं दिसणारं शिंग बाळगतो. नजर दोघांनाही लागते.

आता स्वयंपाकघर, आणि इथं मुळशीकर नशीबवान आहेत. इटलीचं ताट म्हटलं की पास्ता आठवतो, पण पो नदीच्या खोऱ्यात, व्हेर्चेल्ली आणि नोव्हारा भागात, भाताची खाचरं आहेत. मे ते जुलै चिखलात वाकून लावणी आणि खुरपणी करायला दूरदूरच्या बायका यायच्या. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. त्यांची गाणी होती, संप होते; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला. १९४९चा ‘रीझो आमारो’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. पौडकडच्या खाचरांत आईला-आजीला भलरी म्हणताना ज्यांनी ऐकलंय, त्यांनी तो जरूर बघावा.

रिसोत्तोसाठी आर्बोरिओ तांदूळ महाग पडतो. त्याऐवजी इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेलं हे वाण आंबेमोहोराचंच अपत्य, आणि त्याचा चिकटपणा इथं कामी येतो. तांदूळ धुऊ नका, त्यातलं पिठूळच हवं असतं. कांदा लोण्यात परता, कोरडा तांदूळ दोन-तीन मिनिटं परता, मग भाज्यांचं कढत पाणी पळी-पळीनं घालत ढवळत राहा. आर्बोरिओला सोळा-अठरा मिनिटं लागतात. इंद्रायणी त्याआधीच मऊ पडतो, म्हणून दाणा चावून बघत राहा. गॅस बंद करून लोणी आणि किसलेलं चीज. भात ताटात हलकेच पसरला पाहिजे. डाव उभा राहिला तर तो गुरगुट्या भात झाला. तोही वाईट नसतो.

शाकाहारी मंडळींसाठी: अस्सल पार्मिज्यानो रेज्ज्यानो आणि ग्राना पादानो वासराच्या जठरातल्या रेनेटनंच विरजतात. पान्ना कोत्तात जिलेटिन असतं. रोमान्या भागातल्या पियादिना रोटीत बऱ्याचदा डुकराची चरबी. ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही, एकेक जिन्नस विचारावा लागतो. भारतात बनलेलं, सूक्ष्मजीवी रेनेटचं आणि हिरवा ठिपका असलेलं चीज घरी वापरा.

सोसायटीत इटालियन संध्याकाळ करायची असेल, तर पिझ्झा मागवू नका, तंबोला खेळा. माणमधल्या सोसायट्यांत गणपतीत जो तंबोला रंगतो तो तिकडचाच तोंबोला, नाताळात घरोघर खेळला जाणारा. १७३४ मध्ये नेपल्सच्या राजाला सरकारी लॉटरी चालवायची होती, एका धर्मगुरूनं विरोध केला, आणि तडजोड म्हणून नाताळच्या आठवड्यात लॉटरी बंद ठेवायचं ठरलं. मग लोकांनी ती घरीच खेळायला घेतली, अशी गोष्ट सांगतात. नव्वद आकडे, तीन ओळी, पंधरा भरलेली घरं, सगळं आपल्यासारखंच. फरक बक्षिसांत: एका ओळीत दोन आकडे आले की ‘अंबो’, तीन ‘तेर्नो’, चार ‘क्वातेर्ना’, पाच ‘चिंक्विना’ आणि पूर्ण तिकीट ‘तोंबोला’. पेनानं खुणा करण्याऐवजी आकड्यांवर कडधान्याचे दाणे ठेवायचे. राजमा उत्तम, मटकी घरंगळते.

खरी मजा आकडे पुकारण्यात. नेपल्समध्ये प्रत्येक आकड्याला अर्थ आहे आणि पुकारणारा आकड्याऐवजी अर्थ ओरडतो. २२ वेडा, २५ नाताळ, ३३ ख्रिस्ताचं वय, ४७ मेलेला माणूस आणि ४८ बोलणारा मेलेला माणूस, ५० पाव, ७७ बायकांचे पाय, ९० भीती. कुणाला तसं स्वप्न पडलं तर तो दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यावर लॉटरी लावतो. तुमच्या सोसायटीनं आपली यादी करावी. एखादा आकडा फेज वनच्या ट्रॅफिकला, एखादा पाण्याच्या टँकरला. पैशांऐवजी चॉकलेटं लावा, म्हणजे सेक्रेटरीही खेळतील.

बघायला-वाचायला फार लागत नाही. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हवाच. १९५२ मध्ये मुंबईत भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्याची छाप पुढं ‘दो बीघा जमीन’वर पडली. पण आजचं घर बघायचं तर २०१६चा ‘पेर्फेत्ती स्कोनोश्युती’ पाहा. मित्र जेवायला जमतात आणि सगळे मोबाइल टेबलावर उघडे ठेवतात. हिंदीत याचाच ‘खेल खेल में’ झाला. नंतर पाओला कोर्तेल्लेसीचा २०२३चा ‘चे आंकोरा दोमानी’, १९४६ मधल्या एका गृहिणीची गोष्ट. मराठीत मीना प्रभूंचं ‘रोमराज्य’ आहे. ‘राय’ या इटालियन प्रसारण संस्थेचा रेडिओ इंटरनेटवर चालू ठेवला तर भाषेची चाल कानात बसते, शब्द नंतर येतात.

शेवटचं, पाहुणा इकडं आला तर. त्याला मॉलमध्ये नेऊन इटालियन जेवण घालू नका. आपण मिलानमध्ये मिळालेल्या बटर चिकनबद्दल काय बोलतो ते आठवा. चैत्रात आला असेल तर हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड दाखवा. त्याला ते परकं वाटणार नाही. १५ मेला गुब्बिओत लोक उंच, जड लाकडी खांब खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून धावतात, तेही संताच्याच नावानं.

त्याच गुब्बिओपासून जवळ, वरच्या तिबेर खोऱ्यात, मोंतोने गाव आहे. १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे या खोऱ्यात लढताना पडले. वय बावीस, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. त्यांचा पुतळा आहे तो माणगावला, म्हणजे माणहून पौड, मुळशी धरण आणि ताम्हिणी घाट उतरून खाली गेलं की. इटालियन पाहुण्याला एक रविवार द्यायचा असेल तर हाच रस्ता घ्या. पावसाळ्यात मात्र घाटात दरडी पडतात. रस्ता चालू आहे ना, ते पौडला चहा घेताना विचारून मगच पुढं निघा.